चोळीच्या दोन पट्ट्या आणि माझी इतर मालमत्ता

मी, येवलालिया प्लातोनोव्हना शुबिना, वय एकाहत्तर, नाट्यगृहाच्या कपडेपटाची निवृत्त मुख्य शिवणकार, राहणार सादोवाया रस्ता, सामायिक घरातील तिसरी खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून सोमवारी शस्त्रक्रिया आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छाती झाली नसती. नोटरी अकरा वाजता येणार आहेत, तोवर हे संपवायचे आहे.

कलम १. खोली माझ्या दिवंगत भावाची मुलगी अग्निया हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती खोली विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावी. मात्र विकण्यापूर्वी जमिनीच्या फटींमधल्या टाचण्या काढाव्यात. येणाऱ्या कुटुंबात रांगते मूल असू शकते.

कलम २. बँकेत जे आहे ते अंत्यविधीला पुरेल. भाषणे नकोत.

कलम ३. मोठी कात्री, अंगुस्ताना आणि लाकडी हात असलेली इस्त्री सध्याच्या मुख्य शिवणकार दीना राफाइलोव्हना यांना. त्या कात्रीने कागद कापू नये. कपडेपटातलेच ग्लेब येवग्राफोविच यांना काहीही देऊ नये. टुटूच्या, म्हणजे बॅले नर्तकीच्या आखूड झग्याच्या, जाळीत पोलादी तार घालण्याची युक्ती आपली, असे ते तीस वर्षे सांगत आले आहेत. युक्ती ना त्यांची, ना माझी; आम्ही दोघे जन्मण्याआधीपासून ती चालत आली आहे.

(मध्येच उठून इस्त्री बंद आहे का ते पाहून आले. बंदच होती.)

कलम ४. बॅलेच्या पोशाखांचे मी केलेले पाच नमुने शिवणवर्गाला द्यावेत आणि याच क्रमाने मांडावेत. पहिला दरबारी: जरीचे कापड, वेताचा सांगाडा, टाचेचे बूट, त्यात बाई नाचत नसे, फक्त मिरवत असे. दुसरा घोट्यापर्यंत तोकडा. त्या काळी घोटा दिसला म्हणून सभ्य लोकांनी नाके मुरडली होती. तिसरा पांढरा, घंटेसारखा, तलम जाळीचा. याच्यापाशी मुलींना एक गोष्ट जरूर सांगावी: रंगमंचावर गॅसचे दिवे होते तेव्हा ही जाळी पेट घेई. तुरटीत भिजवले तर पेटत नसे, पण कापड कडक आणि मळकट होई, म्हणून काही नर्तकी नको म्हणत. दिसण्यापायी भाजून मेल्या. चौथा गुडघ्यापर्यंतचा, कारण पायांचे काम अवघड झाले आणि ते दिसणे भाग पडले. पाचवा आपला टुटू, ताटासारखा आडवा. तो उलटा टांगून ठेवावा. सरळ टांगल्यास आठवड्यात मान टाकतो.

या पाचही नमुन्यांत कात्री नाचणारीच्या बाजूने चालली आहे. दर वेळी काहीतरी कापले आणि तिला थोडे मोकळे केले. मी एकदा उलट केले. ते पुढील कलमात.

कलम ५. बिस्किटांच्या निळ्या डब्यात निळ्या साटिनच्या दोन पट्ट्या आहेत. त्या नोन्ना व्सेवोलोदोव्हना झारुबिना हिला द्याव्यात. ती वासिल्येव्स्की बेटावर राहते आणि लहान मुलांना नाच शिकवते. पट्ट्यांसोबत हा मजकूर द्यावा.

१९५७ साली तू बावीस वर्षांची होतीस आणि पहिली मुख्य भूमिका तुला मिळाली होती. संचालकांना तुझी कंबर आणखी बारीक दिसायला हवी होती. टुटूच्या चोळीच्या कुशीकडच्या दोन पट्ट्या नेहमी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापतात, त्यामुळे श्वास घेताना कापड ताणले जाते. मी त्या उभ्या धाग्यावर कापल्या. उभा धागा ताणला जात नाही. कंबर सुंदर दिसली. फिटिंगला तू म्हणालीस, "येवलालिया प्लातोनोव्हना, बरगड्या हलतच नाहीयेत हो."

मी म्हणाले, "बरगड्या बघायला कोणी तिकीट काढत नाही. पोट आत घे."

प्रयोगाच्या रात्री प्रथेप्रमाणे हुकांवरून दोरा घालून चोळी तुझ्या अंगावरच शिवली, म्हणजे ती मध्येच काढताही आली नाही. तिसऱ्या अंकात तू गुडघ्यांवर बसलीस आणि पडदा पाडावा लागला.

चौकशीत मला विचारले, "चोळीत काही दोष?" मी म्हणाले, "मापाबरहुकूम होती." ते खरे होते. माप तू श्वास सोडून उभी असताना घेतले होते.

त्याच आठवड्यात मी त्या दोन पट्ट्या उसवून उरेब कापडाच्या घातल्या. चोळीच्या आतल्या फितीवर तुझे नाव होते. त्यावर रेघ मारून खाली दुसरीचे नाव लिहिले. ती त्याच चोळीत तिन्ही अंक नाचली. मग सगळे म्हणाले, चोळी तीच आहे, झारुबिनाच जाड झाली होती, तिच्यात दमच नव्हता. तुला दूरच्या गावच्या नाट्यगृहात धाडले, मागच्या रांगेत नाचायला. ते सगळे बोलत होते तेव्हा मी तिथेच होते. इस्त्री करत होते.

दोष तुझा नव्हता. पट्ट्या कोणत्याही शिंप्याला दाखव, धागा बघून तो सांगेल.

(येथे खंड पडला. शेजारीण कापितोलिना इग्नात्येव्हना साक्षीदार म्हणून सही करायला आली. न वाचता सही करणार नाही म्हणाली. उभ्यानेच सगळे वाचले.)

"अगं, ही बाई जिवंत आहे?"

"आहे."

"आणि तू?"

"दिसतेय ना समोर."

"मग हे अग्नियाच्या हाती कशाला? मेल्यावर माफी मागणार! बरी सोय आहे गं. समोरच्याला चार शिव्या द्यायच्या तर ऐकायला तू नाहीस."

"तिनं दार नाही उघडलं तर?"

"चाळीस वर्षं ट्राममध्ये तिकिटं फाडली मी. दारं उघडतात, नाही उघडली तर पुढच्या फेरीला उघडतात. आणि हे बघ, तुझं मृत्युपत्र वाचून ती रडेल कुणासमोर? वकिलासमोर?"

"तू सही करतेस की नाही?"

"या कलमासकट? नाही करत जा."

मी तिला हट्टी म्हातारी म्हणाले. ती म्हणाली, "घे, आरशाशी बोलतेस की काय!" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी खोलीत तीन फेऱ्या मारल्या. पट्ट्या डब्यातून काढल्या, परत ठेवल्या. दोन्ही मिळून हातभरही कापड नाही.

कापितोलिनाला परत बोलावले आहे; तिच्यासमोर कलम ५ मी माझ्या हाताने खोडत आहे. डबा माझ्या पिशवीत आहे. वासिल्येव्स्कीला जाणारी दहा वाजून दहाची ट्राम मी धरणार आहे. नोटरींना कापितोलिनाने चहा देऊन बसवून ठेवावे; घाई असल्यास त्यांनी उद्या यावे. दार उघडले नाही तर मी जिन्यावर बसेन. उघडले, तर जे ऐकावे लागेल ते उभ्याने ऐकेन. वरचा मजकूर सोबत नेत नाही. तोंडाने सांगायचे आहे.

बाकी कलमे जशीच्या तशी लागू.

सही: ये. प्ला. शुबिना

साक्षीदार १: कापितोलिना इग्नात्येव्हना मोखोवा, निवृत्त ट्राम कंडक्टर. खाडाखोड माझ्या डोळ्यांसमोर झाली. बाई टोपी विसरल्या होत्या, ती मी जिन्यात नेऊन दिली.

साक्षीदार २: वेन्यामिन ल्वोविच ब्राउदे, खोली क्रमांक पाच.

सेंट पीटर्सबर्ग, गुरुवार, १७ नोव्हेंबर १९९४, सकाळचे दहा.