वरचा सूर

ता. ९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. दाजींना चष्मा लागला म्हणे. आता तरी वर्तमानपत्र सुलटं धरतील!

आज तुझ्या धाकट्या भावाने मैदान मारलं. कंपनी जुन्या गाण्यांचा संग्रह काढतेय. तू गायलेलं आपलं गाणंही घेणार, पण अट अशी की नव्या गाण्यांशेजारी ते पुचाट वाटता कामा नये. मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि नऊ दिवस बसलो. तुझ्या आवाजाला हात लावला नाही, बाकीच्यांना शिस्त लावली. पियानोच्या तळातली घरघर कापली; ती ऐकू येत नाही, पण जागा खाते. गिटार तुझ्या सुरांच्या आड येत होती, तिथे तिचा आवाज दोन डेसिबल खाली बसवला. पहिलं कडवं दीड डेसिबल उतरवलं, मग ध्रुवपद आपोआप उसळतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

कंपनीच्या साहेबांनी पाच गाणी लागोपाठ लावली, आवाजाच्या बटणाला हात न लावता. आपलं सुरू झालं आणि ते खुर्चीत सरळ बसले.

"मास्तर, केवढं दणदणीत! किती रेटलंत?"

"रेटलं नाही. बाकीच्यांना जरा सरकून बसा म्हटलं."

"आणि बाईंच्या वरच्या सुराला काय दम आहे हो! आता गातात का?"

मी म्हटलं, ताईलाच विचारतो.

ताई, अकरा वर्षांपूर्वी हेच गाणं तयार झाल्यावर ऐकून तू विचारलं होतंस, "बारक्या, वरचा सूर फाटतोय का रे माझा?" मी म्हणालो, "थोडासा. वयाचं असतं." त्यानंतर तू गायलीच नाहीस.

तुझा सूर अखंड होता. फाडला मी. तेव्हा आपलं गाणं सगळ्यांत मोठं वाजावं म्हणून लिमिटर, म्हणजे आवाजाची उंची दाबून धरणारं यंत्र, इतका पिळला, की त्याने सुरांची डोकीच छाटली. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण आपलं आपण शिकलो म्हणून गावभर मिरवत होतो. चुकलो म्हणायला जीभ उचलेना.

सोबत गाणं पाठवतोय. दार लावून, मोठ्याने ऐक. कुठेही फाटणार नाही.

साहेबांना तुझ्याकडून नवं गाणं हवंय. मी हो म्हटलेलं नाही. ते तू म्हणायचंस. माईक मात्र तुझ्या उंचीला लावून ठेवलाय, ओठांपासून एक वीत लांब, तुला लागतो तसा.

आधी येऊन माझे कान उपट. मग गा.

अकरा वर्षं उशिरा खरं बोललेला,
तुझा बारक्या