बाबांच्या वाटेतून गाळलेलं गाव

प्रिय येर,

नऊ वर्षांनी दादाचं अक्षर बघून तू पाकीट आधी उलटसुलट करशील. कर. शाळेची पायरी मी चढलो नाही, पण ओळ अजून सरळ जाते.

परवा नान शहरात न्या खुआ गुरुजींचा सत्कार झाला. आता ऐंशीचे आहेत. चाळीस वर्षं डोंगरोडोंगरी पायी हिंडून त्यांनी आपली अंत्यविधीची गाणी टेपवर घेतली, पोरांना आपली लिपी शिकवली, कुळाकुळांतली भांडणं मिटवली. पाहुणे त्यांना विद्वान म्हणाले, तर हे माईकवर म्हणतात, "विद्वान ते गाणारे म्हातारे. मी नुसत्या बॅटऱ्या बदलायचो." सगळे हसले. मी नाही हसलो; बॅटऱ्या मी वाहिल्या होत्या.

मग त्यांनी एक टेप लावली. आवाज माझा. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा त्यांना वाट दाखवताना गायलेलं. गेलेला माणूस जिथं जिथं राहिला ती गावं गाण्यात शेवटच्यापासून मागे मागे घ्यायची, प्रत्येक गावच्या पाण्याचे, सरपणाचे आभार मानायचे, तेव्हा कुठे जीव जन्मघरी पोचतो. टाळ्या पडल्या. गुरुजी कानाशी वाकले, "आवाज छान लागलाय रे, तोंग पाओ. पण तुझा बाप ती तीन वर्षं कुणाचं पाणी प्यायला?"

नऊ वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं.

एक गाव ओघात राहून गेलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. मी विसरत नाही, येर. बाबांच्या चौदा गावांपैकी तेरा गावांचे झरे मला आजही क्रमानं येतात. पण मुलगा असताना बाप तीन वर्षं लग्न झालेल्या लेकीकडे राहिला, हे चार कुळांसमोर तोंडातून निघेना. तू चुलीशी बसली होतीस. मान वर केलीस, एवढंच. नंतर तू आली नाहीस, मी बोलावलं नाही.

बायको गेल्यापासून भात एका मुठीचा शिजतो. जेवताना दार उघडं ठेवतो. बाबा इथून निघाले, आणि मागे जाताना पहिलंच गाव तुझं होतं. तेच मी घेतलं नाही. म्हणजे बाबा अजून माझ्याच अंगणात उभे असणार.

गुरुजी म्हणतात, राहिलेलं गाव अजूनही गाता येईल, पण ते त्या घरच्यांनी सांगायला हवं. तुमच्या झऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. ते कळव. बाबा कुठल्या लाकडावर शेकायचे, तेही. मी तुझ्या उंबऱ्याशी येऊन, तुझ्या नवऱ्यासमोर, खड्या आवाजात गाईन.

तुझाच, चुकलेला पण सख्खा,
तोंग पाओ दादा