पहिला फीडर

बाबा, गेल्या आठवड्यात मी एक लेख लिहिला. देशाच्या वीज धोरणात अणुवीज आणि जलविद्युत यांना मोठी जागा असावी, असा. अमरावतीच्या एका मासिकाने मागितला होता. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, तेव्हा तो एका बैठकीत व्हायला हवा होता. पण पहिल्या ओळीपासून तुम्हीच समोर येऊन बसलात. अकोला रस्त्यावरच्या सबस्टेशनात, लाकडी खुर्चीवर, पुढ्यात लॉगशीट आणि डोळे फ्रिक्वेन्सी मीटरच्या सुईवर.

मी लेखाची सुरुवात तिथूनच केली. माझी दहावीची परीक्षा चालू आहे, दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर, आणि ऐन दिवेलागणीला आपल्या कॉलनीची वीज जाते. मी सायकल दामटत तुमच्याकडे येते, रागाने रडत. तुम्ही फोन खाली ठेवता आणि म्हणता, "रडून कावून रायली? पहिले ती सुई पाय." सुई पन्नासाच्या खाली कललेली असते. मागणी वाढली, तेवढी वीज तयार होत नाही, आता कुणाची तरी बंद केली नाही तर सगळ्यांचीच जाईल, हे तुम्ही मला तिथे उभ्याउभ्या समजावता. "कोणाची तरी काटाच लागते. मंग पहिले आपल्या मानसाची काटाव. दुसऱ्याची काटली तं तो शिव्या देते, आपली काटली तं पोरगी रडते. रडणं परवडते." मग म्हणालात, घरी जा, कंदील लाव आणि बस. वरून हुकूम आला की पहिला आपला फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज नेणारी लाइन, बंद करायचा, ही तुमची रीत होती. ही गोष्ट मी आजवर प्रत्येक वर्गाला अभिमानाने सांगत आले.

त्यापुढे मी मुद्दा मांडला, आणि तो मला आजही पक्का वाटतो. आता छपरांवर सौर पॅनेल आली आहेत, दुपारी वीज भरपूर असते. पण आपल्याकडे गिरणी, पंखे, टीव्ही, पंपाच्या मोटारी सगळं एकदम चालू होतं ते सूर्य कलल्यावर. अणुवीज केंद्र ढग, ऊन, वारा काही बघत नाही. थोड्याशा इंधनावर महिनोन्‌महिने एका लयीत चालतं, आणि कोळसा भिजला म्हणून अडत नाही. त्याचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो, हे मी लपवलं नाही. पण कोळशाचा धूर आपण न सांभाळताच छातीत घेतो. आणि पाणी तर तुमच्या आवडीचं. कोयनेची जनित्रं सुरू झाली की सुई कशी झटक्यात वर येते, हे तुम्ही मला हाताने करून दाखवायचात. वीज साठवता येत नाही, असं तुम्ही म्हणायचात ना? येते, बाबा. दुपारच्या उन्हावर पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं.

लेख द्यायच्या आधी तो आत्याला वाचून दाखवायचा ठरवलं. तिच्या सासरचं गाव धरणात गेलेलं. तिच्या तोंडावर जे वाचता येणार नाही ते छापू नये, असं मला वाटलं. रविवारी वलगावच्या पुढे, तिच्या पुनर्वसनातल्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात तुरीची डाळ निवडत होती. आपल्या फीडरची गोष्ट आली आणि तिचा हात थांबला.

"त्या फीडरवर अजून कोन होतं, हे नाही लिवलं तू."

"कोण होतं, आत्या?"

"आमी. धरनासाठी गाव बुडालं आमचं. इथं आलो तं खांब भेटले, बल्ब भेटले. अन् फोन आला का तुहा बाप पहिले आमचीच लाइन बंद करे. आपली मानसं म्हने. आमाले इचारलं का त्यानं?"

"मग तू बोलली नाहीस त्यांना?"

"बोलली ना. हासला. म्हने, आक्का, तू समजदार हायेस." तिने एक खडा बाजूला टाकला. "समजदार मानसाच्या वाट्याले अंधारच येते, माय."

मी विचारलं, "मग धरणं नकोत, असं लिहू का?"

"नको कावून? घंटाभर लाइट गेली तं सुना मले फाडून खातेत. लिव. धरनाचं लिव, त्या अनूच्या विजेचं बी लिव. पन ज्याइची जमीन जाईन त्याइची वीज सगळ्यात शेवटी काटा म्हना. अन् आमच्या गावाचं नाव लिव. नकाशात नाही, कागदावर तं राहू दे."

घरी येऊन लेख पुन्हा लिहिला, माझ्या रडण्याची सुरुवात काढून टाकली. बाजू बदलली नाही, उलट ती जास्त ठाम झाली. अंधारात कुणी बसायचं हे एका माणसाने खुर्चीत बसून ठरवावं, मग तो कितीही भला असो, हीच टंचाईची खरी किंमत आहे. अणू आणि पाणी हवीत ती यासाठी. आणि ज्यांच्या जमिनीवर ही केंद्रं आणि धरणं उभी राहतील, त्यांचा विजेवरचा हक्क आधी कायद्यात लिहिलेला हवा. तो कुणाच्या समजूतदारपणावर सोडायचा नाही.

आत्याच्या गावाचं नाव पहिल्याच परिच्छेदात घातलं. तिला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा तिने ते दोनदा म्हणायला लावलं. लेख काल गेला. हे पत्र मात्र वहीतच राहील, म्हणून इथे सांगते. "पहिले आपल्या मानसाची" ही चूक कुणाची, तिथे लेखात मी लिहिलं आहे: 'एक ऑपरेटर होते'. आधी तिथे 'माझे बाबा' लिहिलं होतं. देण्याआधी खोडलं.