पूर्ण शंभर

४ मार्च
गुडघ्याचा वाक ५५ अंश. दुखणं दहात सहा.

आले एकदाची! अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या दोघांनी मला खुर्चीसकट उचलून आत आणलं. धाकटी दारात उभी होती, म्हणाली की लग्नातसुद्धा तुझा एवढा थाट झाला नव्हता. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तिचं तळमजल्यावर. म्हणून नवा गुडघा घेऊन सहा आठवडे मुक्काम बहिणीकडे.

जुना गुडघा आमवाताने खाल्ला. डॉक्टर म्हणतात, माझंच शरीर माझ्या सांध्यांना परकं समजून कुरतडतं. म्हणजे घरचंच भांडण, बाहेरच्याला दोष द्यायची सोय नाही. वाताचं इंजेक्शन जखम भरेपर्यंत बंद ठेवलंय, त्यामुळे हातांच्या दुखण्याने उचल खाल्ली आहे. सत्तावीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवलं आणि आता दहाही बोटं करंगळीकडे झुकलेली! पेनाला कापड गुंडाळून वांग्याएवढं जाड केलंय, तेव्हा कुठे धरता येतं.

फिजिओने रोज वाक आणि दुखणं लिहून ठेवायला सांगितलंय. धाकटी बुकबाइंडर, तिने लगेच वही बांधून दिली: निळा कापडी पुठ्ठा, बेचाळीस पानं, दिवसाला एक. शिवण सैल पडते का ते रोज बघत जाईन म्हणाली. तिची कामाची खोली शेजारीच आहे. सरसाचा वास येतो, आणि पुस्तकं दाबायची ती दोन जाड फळ्यांची प्रेस, वरचा लोखंडी स्क्रू फिरवला की करकरते.

एकच खोट काढली. बाहेरच्या दाराला गोल मूठ आहे, ती माझ्या हातांनी फिरत नाही. म्हणाले, म्हणजे मी तुझी कैदी. खूप हसलो दोघी.

६ मार्च
वाक ६४. दुखणं सात.

फिजिओ येऊन गेला. पोरगेलासा आहे, पण हात लोहाराचे. गुडघा सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा वाकवायचा, म्हणाला. या सहा आठवड्यांत वाकला तर वाकला, नाहीतर आत गाठी धरतात आणि मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. पेशंटच्या ओरडण्याला फसू नका, असं त्याने धाकटीला बजावलं.

मी फुशारकीने त्याच्यासमोरच सांगितलं की मी किंचाळले, शिव्या दिल्या, पाया पडले, तरी शंभर पूर्ण झाल्याशिवाय थांबायचं नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण डोकावली होती, तिलाही सांगून ठेवलं, नाहीतर बिचारी जिना उतरून धावत यायची. मला पुन्हा माझे तीन जिने चढायचेत, बस.

९ मार्च
वाक ७०. दुखणं सात.

आता धाकटीच वाकवते. पण जीव फार मऊ तिचा. माझं तोंड वाकडं झालं की हात सैल सोडते. मी रागावते. ती स्वतः पलंगाच्या कडेला डावा पाय सरळ पुढे टाकून बसते, कारण तो गुडघा पाच वर्षांची होती तेव्हापासून वाकत नाही. आज सहज म्हणाली, लहानपणी तू माझा गुडघा वाकवायचीस, कधी म्हणून दुखवलं नाहीस, ते मी विसरले नाही.

मी पाणी मागितलं.

१० मार्च
वाक ७१. दुखणं सात.

तिचं कालचं वाक्य सलतंय. लिहूनच टाकते.

ती पाचची, मी अकराची. भिंतीवरून पडली, गुडघा मोडला. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ शंभर. आई कामावर जायची, म्हणून काम माझ्याकडे आलं. बाहेर मैत्रिणी हाका मारायच्या. धाकटीला मोजता येत नव्हतं. मी मोजायची: एक, दोन, दहा, वीस, शंभर! ती टाळ्या पिटायची आणि मी पळायची खेळायला. संध्याकाळी आईला सांगायची, पूर्ण शंभर झाले.

दोन महिन्यांत गुडघा ओंडक्यासारखा झाला. सगळे म्हणाले, पोरीचं नशीब. खेळात कोणी घेतलं नाही. पुढे स्थळं यायची, तिची चाल बघून चहा पिऊन जायची. पन्नास वर्षं मी तोंड उघडलं नाही. नालायक आहे मी. पण लिहिलं, आता जरा हलकं वाटतंय. वही उशीखाली ठेवते.

११ मार्च
वाक ८२. दुखणं नऊ.

मी बाथरूममध्ये होते तेवढ्यात धाकटीने वहीची शिवण तपासली. घट्ट आहे म्हणाली. एवढंच.

मग शंभर केले. मोठ्याने मोजले, एकही आकडा न गाळता. मी ओरडले, हात सैल पडला नाही.

वही पुन्हा उशीखाली ठेवली.

१३ मार्च
वाक ९८. दुखणं दहा.

मांडी पलंगाला बांधली तिने, पुस्तकाच्या पाठीला लावतात त्या जाड पट्टीने. हलू नये म्हणून, म्हणे. चाळिसाला मी किंचाळले. साठाला आईची शपथ घातली. तिने नडगीवर पूर्ण अंग टाकलं आणि एकसष्ट म्हणाली.

वरून शेजारणीने जिन्यात येऊन ओरडून सांगितलं, धीर धरा, शाब्बास! धाकटीने फिजिओला फोनवर आकडा कळवला. तो इतका खूश की आता यायची गरज नाही म्हणाला.

फोनवर मलाही बोलू दे म्हणाले. तिने तो कपाटावर ठेवला.

१५ मार्च
वाक ११०.

जखम खालच्या टोकाला उसवली. चादर लाल झाली. धाकटीने टिपकागद आणला, रक्त टिपलं, मोजत राहिली. मी काठी उचलली आणि तिच्या तोंडावर हाणली. खरंच हाणली, जीव खाऊन. भुवई फाटली. तिचं रक्त माझ्या नडगीवर ठिबकत होतं. तिने बाहीने डोळा पुसला आणि म्हणाली, सत्त्याहत्तर.

माझीच बहीण. मीच सांगितलं होतं थांबू नकोस म्हणून —

१६ मार्च

ती आंघोळीला गेली. वॉकर नाही, काठी नाही. बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत गेले, फरशीवर मागे रक्ताचा पट्टा. ती गोल मूठ. दोन्ही तळवे लावले. मनगटं लावली. दातांनी धरली, एक दात पडला, मूठ तसूभर हलली नाही.

धाकटी ओल्या केसांनी मागे उभी. दोन बोटांनी दार उघडून दाखवलं, पुन्हा लावलं. रागावली नव्हती. दर खेपेला पंच्याण्णव राहिले ताई, एवढंच म्हणाली.

माफी मागितली. हजारदा मागितली. तिने केस पुसले.

१७ मार्च
वाक १३०.

नव्वदाला आतून काहीतरी तुटलं. आवाज आला. गुडघ्याची वाटी वर मांडीत सरकली. आता पाय कसाही वाकतो, कुठेही. लोंबतो.

तिने शंभर पूर्ण केले. मग म्हणाली, झाला बघ गुडघा. घाम पुसला. आणि माझ्या हातांकडे बघत बसली. किती वाकडी झाली गं बोटं, म्हणाली. प्रेमाने म्हणाली.

शेजारच्या खोलीतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज —

१८ मार्च

डावा हात. प्रेस पलंगाला लावून. एकेक बोट सरळ करून फळीवर मांडलं, मग वरची फळी. स्क्रूचे फेरे मोजले. करंगळी आधी गेली. मग — माझी शुद्ध गेली की थांबायची, शुद्धीवर आले की पुन्हा —

सरळ आहेत आता. पुठ्ठ्यासारखी सपाट. सरस लावून कापडात गुंडाळलीत.

शेजारणीने वरून विचारलं. धाकटी म्हणाली, आज हातांचा व्यायाम. देव भलं करो म्हणाली ती.

१९ मार्च

उजवा हात. मनगट बांधलंय, बोटं अजून मोकळी. वही तिने धरली आहे. लिही म्हणते, पान वाया जायला नको. ती शंभर मोजणार. शंभर झाले की पेन खाली.

शंभर म्हणजे पुष्कळ. शंभरात शेजारीण जिना उतरेल — फिजिओ — कोणीतरी —

सावकाश मोज म्हणाले. हो ताई म्हणाली.

एक.

दोन.

हसते आहे. पाच वर्षांची होती तेव्हा हसायची तशी —

दहा.

नाही — अगं मधले — मधले राहिले, धाकटे, मधले सगळे —

वीस.

पूर्ण मोज, धाकटे, पूर्ण शं