नेपाळातली बावीस पोरं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तरी आज लिहायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. आम्ही तिघांनी मिळून नेपाळमधल्या एका डोंगरवाडीत शाळा चालवली होती. ती आता बंद पडते आहे, आणि तिथल्या बावीस पोरांना ते सांगायचं काम माझ्यावर आलं आहे.

नेपाळ कशाला, असं तुम्हीही विचारलं असतंत. मी भोरला सरकारी कचेरीत कारकून झाले. वेल्ह्याकडं गावी जाताना नसरापूरला एसटीची वाट बघत एका हॉटेलात चहा घ्यायची. तिथल्या नेपाळी आचाऱ्यानं एकदा मोबाईलवर आपली वाडी दाखवली. उतारावर भाताची खाचरं, ढगात गेलेली घरं. मला वाटलं, हे तर आपलंच खोरं. शाळा नदीपलीकडं, म्हणून लहान पोरं घरीच राहतात, म्हणाला. मी भोरला येऊन दोघांच्या कानावर घातलं. एक निवृत्त पोस्टमन आणि दुसऱ्या, बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या काकी. आचाऱ्याची पुतणी बारावी शिकलेली होती, तिलाच आम्ही मास्तरीण केलं. तिच्या घराच्या पडवीत शाळा भरायला लागली, ती आठ वर्षं भरली. दसऱ्याच्या सुमाराला आचारी घरी निघाला की वह्या आणि काकींनी शिवलेले कपडे घेऊन जायचा. मापं म्हणून तिकडून दोरे यायचे, प्रत्येक पोराच्या उंचीचा एक दोरा आणि त्याला छातीच्या मापाची एक गाठ. काकी ते दोरे टेबलावर सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "ही पोर लई वाढली बग औंदा."

मी हे का करत होते, ते मला पक्कं ठाऊक आहे. माझी चौथी झाली आणि वडील तुमच्याकडं आले. शाळेमागच्या खोलीत तुम्ही चुलीपुढं भाकरी थापताय, मी दाराआड उभी आहे. वडील म्हणतात, "बाई, आता बास झाली शाळा. मार्गासनीच्या शाळंला एकटी पोर धाडायची म्हंजी जिवाला घोर." तुम्ही त्यांच्यापुढं ताट सरकवता. "आधी जेवा. घोर माझ्याकडं द्या. रस्त्यापर्यंत मी सोडीन तिला." पुढं वर्षभर तुम्ही मला डोंगर उतरून रस्त्याला लावत होतात आणि तशाच माघारी चढून आपली शाळा उघडत होतात.

यंदा उन्हाळ्यात आचारी वारला. पोस्टमनदादा अंथरुणाला खिळले आहेत. काकींना सुईत दोराही दुसऱ्याकडून ओवून घ्यावा लागतो. आचारी काका गेल्यावर पुतणीच्या घरात कमावतं कुणी उरलं नाही. तिला कतारला घरकाम मिळालंय. तिला थांब कुठल्या तोंडानं म्हणू? वाडीत दुसरं शिकलेलं माणूस नाही. कुणीतरी तिकडं जाऊन नवी मास्तरीण शोधावी, पुढचं बघावं, म्हणून मी भोर पालथं घातलं, शेजारच्या उत्रोलीत चार घरं फिरले. शेवटी निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत उभी राहिले. एक गुरुजी शांतपणे म्हणाले, "आपल्या वेल्ह्यातल्या शाळा पोरं न्हाईत म्हणून बंद पडल्या. तवा कुठं होता तुमी?"

मी चपला घालून बाहेर आले. बाई, तुमची शाळा बंद करायचं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं होतं. पटावर तीन मुलं उरली होती. मी त्यावर जावक क्रमांक टाकला आणि पुढचा कागद ओढला. त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलेही होते.

आज दुपारी काकींच्या दुकानातून फोन लावला. आम्हाला आता जमत नाही, हे पुतणीला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "दीदी, बच्चों को आप ही बता दीजिए. मुझसे नहीं होगा." आणि तिनं फोन पोरांपुढं धरला. सगळी एकदम नमस्ते म्हणाली. मग एका बारीक आवाजानं विचारलं, "दीदी, आप कब आएँगी?" आठ वर्षांत आमच्यातलं कुणी तिथं गेलेलं नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचो. मी म्हटलं, "जल्दी."

तिकडं पोरांचा गलका झाला. पुतणीनं फोन परत कानाला लावला असावा. "दीदी, आपने तो बताया नहीं," ती हळूच म्हणाली. मी फोन बंद केला.

काकींनी मशीन थांबवलं. "काय झालं गं?"

"रेंज गेली, काकी."

"मग लाव की परत."

"लावते नंतर," म्हटलं, आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

रेंज होती, बाई.