झिंग्यांचा ट्रॅकिंग नंबर

२६ मार्च, बुधवार
पैशाच्या ॲपचा मेसेज आला. १ एप्रिलपासून विक्रेता संरक्षणाचे नियम बदलून राह्यले म्हणे. मेसेज हा एवढा लांब. चौथी शिकली म्हणून काय झालं, वाचलं मी सगळं. म्हणजे वरचं वाचलं. संरक्षण म्हणजे आपल्या बाजूचं. बदललं म्हणजे वाढवलंच असन. कमी कशाले करन कंपनी, आमच्याच जिवावर चालते.

दामिनीचा फोन आला. पोरगी माझी, चंद्रपूरले नर्सिंग करते. म्हणे, आई, खालचं वाच, ट्रॅकिंग नंबर नाई तर संरक्षण नाई. हो म्हटलं. खालचं बारीक आहे, चष्मा लागते. चष्म्याचं पाहू मग.

२९ मार्च, शनिवार
नागपूरच्या विक्कीची ऑर्डर. खानावळ आहे त्याची. वाळले झिंगे, दहा किलो. नऊ हजार त्यानं ॲपवर भरले, माल पोचला की माझ्या खात्यात येतीन.

नऊ हजारात नवं जाळं येते. तलावाचं पाणी उतरून राह्यलं, मे महिन्यात मोठी मासोळी निघन, आणि आमचं जाळं म्हणजे भोकंच भोकं, मधात थोडा दोरा. दामिनीच्या बापाले सांगून टाकलं, यंदा शिवत बसू नको, नवं आणतो. तो म्हणे, पैसे तर येऊ दे आधी. असाच आहे तो. कशाचा उल्हासच नाई.

१ एप्रिल, मंगळवार
पोतं डोक्यावर घेऊन अहेरीले कुरियरच्या दुकानात गेली. तिथचा पोरगा, आदेश नावाचा, म्हणे, बाई, वास येते याचा, बाकीच्या पार्सलले लागन. म्हटलं, वास येत नाई तो झिंगा कोणता? म्हणे, डब्यात भरून, झाकणाले टेप मारून आणा. एवढे नखरे नवरीचे नाई राहत. पोतं उचललं आणि आली वापस.

सहा वर्षं झाले, माझा माल इस्तारीभाऊच्या ट्रॅव्हल्सनं जाते. डायवर आहे तो. त्याच्या हाती द्यायचा, तो नागपूरले उतरवते, ज्याचा आहे तो येऊन नेते. एक झिंगा हरवला नाई आजवर.

२ एप्रिल, बुधवार
पोतं गाडीच्या डिक्कीत टाकलं. ॲपवर चौकोन आला, ‘ट्रॅकिंग नंबर टाका’. उभ्या उभ्या विचार केला. मग गाडीच्या मागं गेली, पाटीवरचा नंबर वाचला आणि टाकला चौकोनात. हिरवी खूण आली. झालं. एवढ्यासाठी डोकं खात होती पोरगी.

पाटीचा फोटो काढला तर इस्तारीभाऊ म्हणे, काऊन बाई, चालान करतं का माझं? म्हटलं, संरक्षण आहे, तू गाडी चालव. अख्ख्या रस्त्याले दिसते नंबर, याच्याहून मोठं ट्रॅकिंग काय असन. दामिनीले सांगितलं नाई.

५ एप्रिल, शनिवार
विक्कीचा मेसेज. माल आला नाई म्हणे.

इस्तारीभाऊले फोन केला. म्हणे, दिला ना, लाल शर्टवाला आला होता, मीच विक्की म्हणे. विचारलं, ओळखपत्र पाह्यलं का? म्हणे, बाई, सहा वर्षात तू कोणाचं पाह्यलं? आवाज येत नाई म्हणून फोन ठेवला.

उद्यापासून सगळं लिहून ठेवणार. कोणी नेलं, किती वाजता, शर्ट कोणता.

६ एप्रिल
डोकं दुखून राह्यलं. काही लिहिलं नाई.

८ एप्रिल, मंगळवार
ॲपवर आलं, खरेदीदारानं दावा केला आहे, माल पोचल्याचा पुरावा द्या. पाठवला. एक फोटो पाटीचा. एक पोत्याचा, डिक्कीत ठेवल्यावरचा. एक इस्तारीभाऊचा, गाडीसमोर, हात जोडून. तो नाई म्हणत होता, मीच जोडायले लावले.

शेजारची कमळाबाई वाकून पाह्यत होती. म्हणे, याच्यात तो विक्की कुठी आहे? तिले काय समजते. बटनाचा फोन आहे तिच्याजवळ.

जाळेवाल्याले सांगितलं, माझं जाळं बाजूले ठेव.

१२ एप्रिल, शनिवार, सकाळी
ॲपवर दोन बटनं आली. ‘दावा मान्य करा’. ‘दावा नाकारा’. पैशावर दावा कोणाचा? माझा. माल माझा, मेहनत माझी. आपलाच दावा आपण काऊन नाकारू? मान्य दाबलं. परत हिरवी खूण. प्रकरण बंद झाले, धन्यवाद. भल्ली खुश झाली मी. बसल्या जागी, एका बोटानं.

जाळेवाल्याले फोन केला, मंगळवारी येतो.

१५ एप्रिल, मंगळवार
खात्यात काहीच नाई. जाळेवाल्याचा दोनदा फोन आला, उचलला नाई. शेवटी दामिनीले सगळं सांगितलं, गाडीच्या नंबरासकट. कोणतं बटन दाबलं ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणे, “आई, दावा त्याचा होता. तू मान्य केला.”

पैसे विक्कीले वापस गेले. म्हटलं, आता नाकार मग. म्हणे, होत नाई. गाडीच्या नंबरावर तसंही कठीणच होतं, पण नाकारलं असतं तर निदान कोणी विचारलं तरी असतं. म्हटलं, मराठी नीट लिवायले काय होते कंपनीले. म्हणे, नीटच लिवली होती.

१६ एप्रिल, बुधवार
गावात सांगून दिलं, कंपनीनं खाल्ले माझे पैसे. कमळाबाई म्हणे, खातेच. पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. दामिनीच्या बापालेही तेच सांगितलं. हं म्हणे.

१९ एप्रिल, शनिवार
सकाळपासून जुनं जाळं अंगणात पसरून बसला दामिनीचा बाप. मी दुसरं टोक धरलं. जाळ्याचं नाई, पैशाचं नाई, एक शब्द नाई बोलला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. दुपार झाली, अर्धं बी शिवून नाई झालं. मी म्हटलं, दे इकडे सुई, मी शिवतो.

मान वर न करता म्हणे, “तू धर फक्त. काही दाबू नको.”

म्हणजे दामिनीनं सांगितलं.