साळिंदराच्या बिळाचा नकाशा

१५ डिसेंबर १९५५

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. आमच्या वर्गाचा नकाशा तुला इतका आवडला, याचा आनंद व्हायला हवा होता. मला ते पत्र पुन्हा उघडवत नाही.

ओसरीवर बसवून तू मला शिकवायचास तेव्हा म्हणायचास, पाहिलं ते पुरतं लिही, अर्धवट लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. मी दुसरीच्या मुलांकडून तसंच करून घेतलं. सुगरणीचे खोपे, मुंगसांची बिळं, सशांची झुडपं. कोण कुठे राहतं ते महिनाभर हिंडून पाहिलं, ओल्या मातीत त्यांची घरं केली, शाळेच्या विहिरीपासून पावलं मोजून नकाशा काढला. साळिंदराचं बीळ तेवढं सापडेना. ते बायजाला ठाऊक होतं. ही गोंडांची पोर, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. पिल्लं असलेलं बीळ तिच्या घरचे कोणाला दाखवत नाहीत. मी तिला तीन दिवस समजावलं, की शाळेत खरं लपवायचं नसतं. चौथ्या दिवशी ती माझं बोट धरून मला बिळापाशी घेऊन गेली. विहिरीपासून नऊशे चाळीस पावलं भरली.

प्रदर्शनाला सारा गाव आला. शाळा समितीचे किसनराव म्हणाले, "बाई, तुमच्या पोरायनं तं तलाठ्यालेई मांगं टाकलं!" सगळे हसले, मीही हसले. मग ते नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले. साळिंदरं त्यांच्या वावरातली रताळी उकरतात हे मला माहीत होतं, दादा. माहीत असून सुचलं नाही.

रविवारी त्यांचे गडी कुदळी घेऊन गेले. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर केला. सोमवारी मुलांनी मुठी भरभरून काटे आणले आणि वर्गातल्या निसर्गकोपऱ्यात मांडताना कोणाचा लांब म्हणून भांडली. मी हजेरी घेतली. किसनरावांना तरी काय म्हणणार? पीक त्यांचं होतं.

बायजा नऊ दिवस शाळेत आली नाही. काल आली. मी मुलांना स्वतःचं घर काढायला सांगितलं होतं. तिची पाटी कोरी. विचारलं तर खाली बघून म्हणाली, "मी नाई काढत, बाई. घर दाखोलं का लोकं येतेत."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. प्रदर्शनाआधी तिने आपणहून मला साळिंदराचं आणखी एक बीळ दाखवलं होतं, नाल्यापलीकडचं. "हे फकस्त तुमाले," म्हणाली. मी शब्द दिला. भिंतीवरच्या नकाशात ते नाही. तुला पाठवलेल्या प्रतीत मात्र मी ते पावलांसकट मांडलं, कारण अर्धवट पाठवणं मला खोटं वाटलं. ती प्रत तू शिक्षकांच्या मासिकात छापणार आहेस, असं तुझ्या पत्रात आहे. ते मासिक आमच्या शाळेत येतं आणि समितीपुढे ठेवलं जातं. छापू नकोस, दादा. एवढं कबूल करायला मला आठ दिवस लागले. हे पत्र उद्या सकाळी जामला जाणाऱ्या बैलबंडीबरोबर टपालात टाकायला पाठवते. अंक निघून गेला असेल तर तसं स्पष्ट कळव. बायजाला ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मला सांगावं लागेल, आणि ते कसं सांगायचं, हे तू मला शिकवलेलं नाहीस.

तुझीच,
भागीरथा